कबुलीचे गुण

अमेरिकेत कॉलेजच्या मुलांसाठी सायबर संरक्षणाची एक राष्ट्रीय स्पर्धा दरवर्षी होते. तिच्या गुणदानात एक नियम आहे. हल्लेखोर तुमच्या यंत्रणेत शिरले की तुमचे गुण कापले जातात. पण ते शिरले हे तुम्ही स्वतः हुडकून काढलंत, कधी आले, कोणत्या वाटेनं आले, कशाला हात लावला आणि तुम्ही पुढे काय केलंत हे पुराव्यासह लिहून दिलंत, तर गेलेल्या गुणांपैकी काही परत मिळतात. गप्प बसलात तर गेले ते गेले. या स्पर्धेबद्दल जे लिहिलं-बोललं जातं त्यात हा नियम क्वचितच दिसतो. बातमीला हवा असतो अंधाऱ्या खोलीत हिरव्या अक्षरांसमोर बसलेला हुडीवाला. मला मात्र वाटतं, की विद्यार्थ्यांना नोकरीसाठी तयार करण्याचा या स्पर्धेचा जो दावा आहे, त्यातला सर्वांत खरा भाग या एका नियमात आहे. आणि आपल्याकडे ही स्पर्धा कुणी उचलली, तर वाटेत सगळ्यात आधी गळून पडेल तोही हाच.

नॅशनल कॉलेजिएट सायबर डिफेन्स कॉम्पिटिशन हे तिचं पूर्ण नाव. बोलताना सगळे सीसीडीसी म्हणतात. मूळ लष्करी आहे. २००१ साली वेस्ट पॉइंट आणि इतर लष्करी अकादमींच्या कॅडेट्ससाठी एक सराव सुरू झाला. कॅडेट्सनी संगणकांचं जाळं चालवायचं, राखायचं, आणि एनएसए या अमेरिकी गुप्तवार्ता संस्थेच्या माणसांनी ते फोडायचं. नागरी विद्यापीठांना असं काही का नसावं, यावर २००४ च्या फेब्रुवारीत टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओ शहरात शिक्षक, विद्यार्थी, सरकारी अधिकारी आणि उद्योगातली माणसं एकत्र बसली. पुढच्याच वर्षी तिथल्या टेक्सस विद्यापीठाच्या एका केंद्रानं पहिली प्रादेशिक स्पर्धा भरवली आणि २००६ पासून राष्ट्रीय अंतिम फेरी सुरू झाली. सॅन अँटोनिओ हे ठिकाण योगायोगाचं नव्हे. लॅकलँड तळामुळे हवाई दलाची सायबर पथकं तिथे आहेत, एनएसएचं टेक्ससमधलं केंद्रही तिथेच. विजेत्यांच्या चषकाचं नाव 'अलामो कप'. १८३६ साली याच शहरातल्या अलामोच्या गढीत मूठभर माणसं मोठ्या फौजेच्या वेढ्याला तेरा दिवस तोंड देत राहिली आणि शेवटी जवळजवळ सगळी मारली गेली. संरक्षणाच्या चषकाला हरलेल्या वेढ्याचं नाव देणाऱ्यापाशी विनोदबुद्धी असावी, नाहीतर अनुभव तरी.

स्पर्धेची रचना अशी. प्रत्येक संघात प्रत्यक्ष खेळायला जास्तीत जास्त आठ विद्यार्थी, त्यांत पदव्युत्तर दोनच. प्रत्येक संघाला वेगळी खोली आणि तंतोतंत सारखी यंत्रणा: एका काल्पनिक कंपनीचं चालू जाळं, ज्यात वेबसाइट आहे, मेल आहे, डेटाबेस आहे, काही विंडोज, काही लिनक्स, काही इतकं जुनं की कुणी हात लावायला धजावू नये. आधीची तंत्रज्ञ मंडळी नाहीत, आता हे तुमचं. मोबाइल, लॅपटॉप, पेन ड्राइव्ह सगळं दाराबाहेर. छापील पुस्तकं आणि कागद चालतात. प्रशिक्षकाला आत मज्जाव. या विद्यार्थ्यांना निळा संघ म्हणतात. हल्ला करणारा लाल संघ म्हणजे उद्योगातले आणि सरकारातले मुरलेले व्यावसायिक; आपली रजा खर्चून मुलांची यंत्रणा फोडायला येतात. पांढरा संघ पंचांचा. कित्येक ठिकाणी नारिंगी संघही असतो. तो ग्राहक आणि कर्मचारी बनून फोन करतो, तक्रारी करतो, कधी गोड बोलून पासवर्डही काढून घेऊ पाहतो. निळ्या संघानं उलट हल्ला करायचा नाही, प्रतिस्पर्धी संघावर तर मुळीच नाही. केला तर बाद.

घड्याळ सुरू झालं की पहिली धाव पासवर्डकडे. लाल संघाला ते ठाऊकच असतं. त्यांच्या तयार स्क्रिप्ट्स मूळ पासवर्ड वापरून पहिल्या काही मिनिटांतच सगळ्या संघांच्या सगळ्या यंत्रांवर एकाच वेळी जाऊन येतात. म्हणजे कुलूप बदलेपर्यंत पाहुणे घरात. आता पासवर्ड बदलून उपयोग नाही, त्यांनी आत काय ठेवलं ते शोधायचं. एक जुनी आणि अजूनही चालणारी युक्ती बघा. विंडोजच्या लॉगिनच्या पडद्यावर शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज'ची खिडकी उघडते. दोन कळा एकदम दाबता न येणाऱ्यांसाठी केलेली ती सोय आहे. त्या सोयीमागे एक छोटी फाइल असते. ती काढून तिच्या जागी, तिच्याच नावानं, कमांड प्रॉम्प्ट ठेवला, की पुढे कधीही त्या पडद्यापाशी यायचं, शिफ्ट पाच वेळा दाबायचं, आणि कसलाही पासवर्ड न देता सर्वाधिकार हातात. मुलं पासवर्ड वीस-वीस अक्षरांचे करत बसतात आणि समोरचा शिफ्ट दाबून आत येतो. लिनक्सवर दर काही मिनिटांनी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत एक ओळ घातलेली असते: हटवलेला वापरकर्ता ती पुन्हा तयार करते. संघातली एखादी मुलगी त्याला काढते, तो परत येतो. ती पुन्हा काढते, तो पुन्हा येतो. चौथ्या-पाचव्या वेळी तिच्या लक्षात येतं, की आपण माणसाशी लढत नाही आहोत, एका ओळीशी लढतो आहोत. तेव्हा ती खातं काढायचं थांबवते आणि ओळ शोधायला लागते. कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा हा क्षण मोठा आहे.

एवढ्यात पांढऱ्या संघाचा कागद येतो. या कागदांना 'इंजेक्ट' म्हणतात. व्यवस्थापनाचं फर्मान: तासाभरात सर्व यंत्रांची यादी हवी, प्रत्येकावर काय चालतं त्यासह. नव्या पाच कर्मचाऱ्यांची खाती उघडा. पासवर्डबाबत कंपनीचं धोरण काय असावं याचं एक पानी टिपण द्या, संचालकांना कळेल अशा भाषेत. आणि हो, विक्री विभागाचं मेल का चालत नाही? ते इंजेक्ट बाजूला ठेवून हल्लेखोराच्या मागे धावायचा मोह प्रत्येक संघाला होतो, आणि तो मोह आवरता न आल्यामुळे संघ हरतात. कारण गुण तीन ठिकाणांहून येतात किंवा जातात: सेवा चालू आहेत का, इंजेक्ट वेळेत आणि नीट पुरे झाले का, लाल संघानं किती पोखरलं. सेवा चालू आहेत की नाहीत हे एक स्वयंचलित यंत्रणा सतत तपासत असते. वेबसाइट बंद करून ठेवली तर हल्लेखोर येणार नाही हे खरं, पण मग गुणही येणार नाहीत.

लग्नाची पंगत बसलेली आहे, आचारी पळून गेला आहे, भटारखाना तुमच्या ताब्यात दिला आहे, कुणीतरी अदृश्य माणूस अधूनमधून वरणात मूठभर मीठ टाकून जातो, आणि वधूपिता विचारायला येतो की जिलबी किती शिल्लक आहे ते लिहून द्या. साधारण हे असं दोन-तीन दिवस चालतं.

इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. २००६ पासूनच्या पहिल्या अकरा वर्षांचे विजेते पाहा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं शार्लट केंद्र, टेक्सस ए अँड एम, नॉर्थईस्टर्न, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन दोनदा, रॉचेस्टर इन्स्टिट्यूट, सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठ (हे २०१४ पासून लागोपाठ तीनदा). २००८ आणि २००९ मध्ये बेकर कॉलेज, फ्लिंट. मिशिगनमधलं फ्लिंट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांवर वाढलेलं आणि ते गेल्यावर खंगलेलं शहर. बेकर हे तेव्हा तिथलं नोकरीपुरतं शिकवणारं कॉलेज, ज्याचं नाव आपल्याकडे अमेरिकेला जाणाऱ्या एकाही मुलाच्या यादीत नसतं. एमआयटी, स्टॅनफर्ड, कार्नेगी मेलन या अकरा वर्षांत त्या यादीत नाहीत. याच काळात सीटीएफ, म्हणजे 'कॅप्चर द फ्लॅग' या कोडी फोडण्याच्या स्पर्धांत कार्नेगी मेलनच्या विद्यार्थ्यांचा दबदबा जगभर होता. दोन्ही स्पर्धांना लोक सायबर स्पर्धाच म्हणतात, पण त्या वेगळ्या माणसांना पुढे आणतात. सीटीएफमध्ये एखाद्या प्रोग्रॅममधली फट शोधणारी तल्लख बुद्धी लागते. सीसीडीसीत लागतो तो अनेक यंत्रं एकदम सांभाळायचा सराव, आठ जणांत काम वाटून घ्यायची शिस्त, आणि घाम पुसत सरळ वाक्यं लिहिण्याची ताकद. पहिलीला मी कमी लेखत नाही. पण सुरक्षेच्या क्षेत्रातल्या बहुतेक नोकऱ्या दुसऱ्या प्रकारच्या आहेत, हे कुणी मुलांना सांगत नाही.

आता या स्पर्धेचं खोटं कुठे आहे तेही पाहू, कारण ते आहे, आणि थोडंथोडकं नाही.

पहिलं म्हणजे आवाज. स्पर्धेतला हल्लेखोर गोंगाट करतो. त्याच्यापाशी वेळ कमी असतो, आपण आलो हे त्याला दाखवायचं असतं, आणि स्पर्धा संपत आली की तो कित्येकदा वेबसाइटवर चित्रं चिकटवून, डेटाबेस पुसून धिंगाणा घालतो. खरा हल्लेखोर महिनोन्‌महिने गप्प बसतो. दुसरं, स्पर्धेतल्या मुलांना हल्ला कधी सुरू होणार ते माहीत असतं. नोकरीतला सुरक्षा कर्मचारी वर्षभर रिकाम्या दिवसांशी झुंजत असतो, आणि नेमका दिवस उगवतो तेव्हा तो सुट्टीवर असतो. तिसरं जरा खोलातलं आहे. स्पर्धेत संशयास्पद काही दिसलं की उडवून टाकायची सवय लागते, कारण वेळ नसतो. प्रत्यक्षात तसं करणं म्हणजे पुरावा स्वतःच्या हातानं नष्ट करणं, आणि हल्लेखोराला 'आम्हाला कळलं आहे' हे ओरडून सांगणं. चांगली घटना-हाताळणी बहुधा संयमाची असते: आधी पाहा, कुठे कुठे आहे ते मोजा, मग एकाच वेळी सगळी दारं लावा. दोन-तीन दिवसांच्या खेळात हा संयम शिकवता येत नाही, उलट तो मोडला जातो.

चौथा आक्षेप आपल्याला चटकन समजेल. पुन्हा पुन्हा जिंकणारे संघ वर्षभर सराव करतात, जुन्या स्पर्धांसारखी जाळी स्वतः उभारतात, पहिल्या पंधरा मिनिटांत कुणी काय टाइप करायचं ते पाठ करतात. सेंट्रल फ्लोरिडाच्या यशामागे मोठं, जोमदार विद्यार्थी मंडळ आहे. म्हणजे शिकवणी आलीच. आणि वर्षभर संध्याकाळी सरावाला बसणं ज्याला परवडतं तोच यात उतरतो. संध्याकाळी पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या मुलाला हे जमत नाही. जिंकलेल्यांना चांगल्या नोकऱ्या लागतात हे स्पर्धेचं श्रेय, की अशा मुलांना त्या तशाही लागल्याच असत्या? अंतिम फेरीच्या जागी नोकरमेळा भरतो, रेथिऑनसारख्या संरक्षण कंपनीनं काही वर्षं मुख्य प्रायोजकत्व घेतलं होतं, लाल संघातले व्यावसायिक दोन दिवस मुलांना जवळून पाहतात. कंपन्यांच्या दृष्टीनं ही चाळणी आहे. चाळणी आणि शाळा एकच वस्तू असू शकते, पण दोन्हींचं श्रेय एकदम घ्यायचं तर पुरावा द्यायला हवा, आणि यशोगाथा म्हणजे पुरावा नव्हे.

जाता जाता एक गोष्ट. राफाएल मज नावाचा प्रोग्रॅमर या स्पर्धांच्या लाल संघांत स्वयंसेवक म्हणून जायचा. अनेक हल्लेखोरांना एकत्र, एकमेकांचं पाहत काम करता यावं अशी साधनं त्यानं बांधली: आधी 'आर्मिटेज', मग २०१२ मध्ये 'कोबाल्ट स्ट्राइक'. विद्यार्थ्यांवरच्या हल्ल्यांत ती भरपूर वापरली गेली आणि सुधारत गेली. पुढे कोबाल्ट स्ट्राइकच्या चोरीच्या प्रती खंडणीखोर टोळ्यांच्या हाती पडल्या आणि इस्पितळांपासून सरकारांपर्यंत असंख्य हल्ल्यांत दिसू लागल्या. २०२३ च्या मार्चअखेरीस मायक्रोसॉफ्ट आणि ते साधन विकणारी कंपनी यांना त्या प्रतींविरुद्ध अमेरिकी न्यायालयाचा हुकूम आणावा लागला. यात मज यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण सरावाची लाठी सरावाच्याच मैदानात राहते, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. संरक्षण शिकवायला लाल संघ लागतो, आणि लाल संघ जेवढा चांगला तेवढी त्याची हत्यारं बाहेर जाण्याच्या लायकीची.

हे सगळे आक्षेप मान्य करूनही मी या स्पर्धेच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण लाल संघ नाही. कारण ते कंटाळवाणे कागद आहेत: यंत्रांची यादी, पासवर्डाचं टिपण, आणि सुरुवातीला सांगितलेला घटनेचा अहवाल. गोंगाट करणारा हल्लेखोर खोटा असेल. पण आपल्या जाळ्यात किती यंत्रं आहेत हेच ठाऊक नसणं अगदी खरं आहे. साहेबाला तांत्रिक गोष्ट साध्या भाषेत सांगता न येणं तर फारच खरं. आणि घुसखोरी झाल्यावर 'झाली' असं लिहायला हात न धजणं सगळ्यात खरं. वीस वर्षांच्या मुलाला, ज्याला आयुष्यभर चूक लपवली तर गुण वाचतात एवढंच शाळेनं शिकवलं आहे, एखादी परीक्षा प्रथमच सांगते की लपवलंस तर गुण जातील आणि सांगितलंस तर येतील. ही सवय लावायला दोन दिवस पुरत नाहीत हे मला मान्य आहे. पण दुसरीकडे कुठे ती लावण्याचा प्रयत्न तरी होतो?

आता आपल्याकडे येऊ. पुण्याचा या सगळ्याशी संबंध दोन बाजूंनी आहे. एक बाजू नोकरीची. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या अनेक कंपन्यांत सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर चालतात, ज्यांना तिथली मुलं 'सॉक' म्हणतात. रात्रपाळीत बसून परदेशी ग्राहकांच्या यंत्रणांतून येणारे इशारे पाहायचे, खरे कोणते आणि खोटे कोणते ते निवडायचं, तिकीट उघडायचं, वेळेत वरच्या पातळीवर पाठवायचं आणि सकाळपर्यंत इंग्रजीत नीट अहवाल लिहायचा. संगणक अभियांत्रिकी करून सुरक्षेत आलेल्या मराठी मुलाची पहिली नोकरी बहुधा ही असते. सीसीडीसी ज्या कामाची रंगीत तालीम आहे ते काम आपली मुलं रोज रात्री करतात. तालीम मात्र त्यांनी कधी पाहिलेली नसते. आपल्या कॉलेजांत रुजलं ते वेगळं. २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन आहे, छत्तीस तासांत नवं काही बांधून दाखवायचं. सीटीएफ आहे, अमृता विद्यापीठाच्या केरळातल्या केंद्रातील मंडळींनी २०१० पासून 'इनसीटीएफ' चिकाटीनं वाढवलं आणि त्यातून खरोखरच पट्टीचे लोक घडले. बांधणाऱ्याला बक्षीस आहे, फोडणाऱ्याला बक्षीस आहे. दुसऱ्यानं बांधलेलं, जुनाट, कुणाला न कळणारं काहीतरी न बोलता चालू ठेवणाऱ्याला आपल्याकडे ना बक्षीस, ना टाळ्या. सरकारी अधिकाऱ्यांसाठी २०२२ पासून 'भारत एनसीएक्स' नावाचा राष्ट्रीय सायबर सराव होतो, तो चांगलाच आहे. पण तिथे पोचेपर्यंत माणूस अधिकारी झालेला असतो, आणि न सांगण्याच्या सवयीही पक्क्या झालेल्या असतात.

दुसरी बाजू पुण्याच्या कॉसमॉस या सहकारी बँकेची. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएमच्या विनंत्या बँकेच्या मूळ यंत्रणेकडे नेणारा जो स्विच असतो, त्याच्या जोडीला हल्लेखोरांनी एक बनावट स्विच उभा केला होता. एटीएम विचारायचं, पैसे देऊ का; उत्तर बँकेऐवजी हा बनावट स्विच द्यायचा, दे. काही तासांत अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून आणि भारतातही, अगदी कोल्हापुरातूनसुद्धा, बनावट कार्डांनी पैसे निघाले. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्याच्या मार्गानं १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. शनिवारी दुपारी त्या बँकेत जो कुणी पडद्यासमोर असेल, त्याला काय दिसलं असेल याचा विचार करा. मूळ यंत्रणेकडे विनंत्याच येत नव्हत्या. म्हणजे गडबडीची खूण होती ती शांतता. न आलेल्या विनंत्या मोजायला यंत्रणेची रोजची चाल अंगवळणी पडलेली लागते. कोडी फोडणारी बुद्धी इथे कामाची नाही, रोजच्या याद्या करणारी कामाची.

म्हणून मला वाटतं, स्पर्धा घ्यायची तर ती काल्पनिक अमेरिकी कंपनीची नको, काल्पनिक नागरी सहकारी बँकेची घ्यावी. देशात सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. रिझर्व्ह बँकेनं ३१ डिसेंबर २०१९ ला त्यांच्यासाठी सायबर सुरक्षेची चार पातळ्यांची चौकट घालून दिली. कागदावर ती ठीक आहे, पण तालुक्याच्या बँकेत ती राबवणार कोण? तिथे कोअर बँकिंग बाहेरच्या विक्रेत्याचं, एटीएमचा स्विच आणखी कुणाचा, आणि संगणक विभाग म्हणजे दीड माणूस. असंच जाळं उभारावं. नारिंगी संघात निवृत्त शाखाधिकारी बसवावेत; पगाराच्या दिवशी 'अहो, काउंटरवर रांग लागलीय, सिस्टिम कधी येणार?' हा फोन त्यांच्याइतका अस्सल कुणी करणार नाही. इंजेक्ट मराठीत द्यावेत: खातेदारांना पाठवायचा तीन ओळींचा संदेश लिहा, ज्यात खोटं काही नसेल आणि घबराटही होणार नाही. संचालक मंडळात एक साखर कारखानदार, एक डॉक्टर आणि एक माजी नगराध्यक्ष आहेत. त्यांना बनावट स्विच म्हणजे काय ते एका पानात सांगा. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. तो अहवाल घड्याळ लावून लिहून घ्या. आणि गुणपत्रिकेत कबुलीला सेवेच्या खालोखाल वजन द्या.

पैशांचा प्रश्न मी फार मोठा मानत नाही. आभासी यंत्रं स्वस्त आहेत, लाल संघासाठी रजा टाकून येतील अशी माणसं पुण्या-मुंबईत आहेत, आणि एखाद्या फेस्टच्या डीजेचा खर्च यापेक्षा जास्त असतो. माझ्या मते कॉलेजं अडतील ती गुणदानापाशी. ज्या स्पर्धेत सगळेच संघ फुटतात आणि विजेता तो, ज्यानं आपलं फुटणं सर्वांत चांगलं लिहिलं, तिचा फ्लेक्स लावायचा कसा?

त्याहून मोठी अडचण प्रश्नपत्रिका काढणाऱ्याची. खऱ्यासारखी स्पर्धा रचायला खऱ्या घटनांचे वृत्तान्त लागतात. अमेरिकेत लोकांच्या पतीच्या नोंदी ठेवणारी इक्विफॅक्स कंपनी फुटली तेव्हा संसदेच्या समितीनं २०१८ च्या डिसेंबरात ९६ पानी अहवाल छापला. कोणतं पॅच राहिलं, कुणाला मेल गेला आणि कुणाला गेला नाही, कोणतं प्रमाणपत्र मुदत संपूनही तसंच पडून होतं, हे सगळं त्यात आहे. ब्रिटिश लायब्ररीवर २०२३ च्या ऑक्टोबरात खंडणीचा हल्ला झाला. २०२४ च्या मार्चमध्ये ग्रंथालयानंच १८ पानांत आपल्या उणिवा मांडून ते सर्वांसाठी खुलं केलं. शिक्षकानं अशा अहवालावरून आठवडाभरात स्पर्धा बेतावी. आपल्याकडे २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सची यंत्रणा दिवसच्या दिवस बंद पडली, आणि त्याबद्दल लोकांच्या हाती लागलं ते मुख्यतः राज्यसभेतलं उत्तर: पाच सर्व्हर, सुमारे १.३ टेराबाइट माहिती, जाळ्याची चुकीची विभागणी. कॉसमॉसनं स्वतः पोलिसांत तक्रार दिली, बातमी दडपली नाही, पुढे अकरा जणांना पुण्याच्या न्यायालयात शिक्षाही झाली. त्या मानानं ते प्रकरण उजळ. तरी त्या बनावट स्विचबद्दल तांत्रिक म्हणावं असं जे वाचायला मिळतं ते बहुतांशी बाहेरच्या सुरक्षा कंपन्यांनी लिहिलेलं, किंवा (संशय उत्तर कोरियाच्या हल्लेखोरांवर असल्यामुळे) उत्तर कोरियावरच्या निर्बंधांवर नजर ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाच्या २०१९ च्या अहवालातलं. पुण्यातल्या विद्यार्थ्याला गणेशखिंड रस्त्यावरच्या बँकेत काय घडलं ते शिकायचं, तर न्यूयॉर्कहून निघालेला कागद उघडावा लागतो.